आजोबांच्या खात्यातून गेममध्ये गेलेले पैसे: परतावा, पुरावा आणि पालकांची जबाबदारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातील एका वडिलांनी लिहिले आहे की, त्यांच्या आठवीत शिकणाऱ्या १३ वर्षांच्या मुलाने सात आठवड्यांत आजोबांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून एका मोबाइल गेमवर ₹१,४३,००० खर्च केले. एकूण व्यवहार ६१ असून शेवटचा पाच दिवसांपूर्वीचा आहे. आजोबांच्या फोनवर यूपीआय मुलानेच सुरू करून दिले होते आणि पिन त्याला ठाऊक होता. पिन बरोबर टाकला गेला असल्यामुळे आपली जबाबदारी नाही, असे बँकेने तोंडी सांगितले आहे. एका नातेवाइकाचा सल्ला असा की, १९३० या क्रमांकावर सरसकट सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवून टाकावी. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: पैसे परत मिळतील का, यात चूक आमचीच समजायची का, आणि मुलाशी आता कसे वागावे. आजोबांना काही पैसे गेल्याचे कळले आहे, मात्र पूर्ण रक्कम त्यांना अजून सांगितलेली नाही, असेही त्यांनी नमूद केले आहे.

मी २२ वर्षे ग्राहक आयोगांपुढे वकिली करीत आहे आणि त्यांपैकी गेली आठ-नऊ वर्षे मुलांच्या हातून झालेल्या अशा खर्चाची प्रकरणे माझ्याकडे सातत्याने येतात. उत्तराची सुरुवात मी नातेवाइकांच्या सल्ल्यापासून करतो, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होण्याची शक्यता आहे. सर्व ६१ व्यवहार कोणा अज्ञात चोराने केले, अशी तक्रार कृपया नोंदवू नका. तसे घडलेले नाही, आणि तसे घडलेले नाही हे चौकशीत लगेच दिसून येते: फोन घरचा, सिमकार्ड घरचे, पिन पहिल्याच प्रयत्नात बरोबर, आणि गेममधील खेळाडू क्रमांक तुमच्या मुलाचा. एकदा हे उघड झाले की पुढच्या प्रत्येक कार्यालयात तुमच्या खऱ्या म्हणण्याकडेही संशयाने पाहिले जाते. शिवाय घरात हे सर्व ठरत असताना मुलगा ऐकत असतो. आपण पैसे लपवून खर्च केले आणि आता मोठी माणसे ते सोडवण्यासाठी खोटी हकीकत रचत आहेत, एवढेच त्याच्या लक्षात राहील. तुमची खरी हकीकतच तुमची भक्कम बाजू आहे: एका अज्ञान (म्हणजे कायद्याने १८ वर्षांखालील) मुलाने खातेदाराच्या संमतीवाचून खरेदी केली आणि विक्रेत्याने खरेदीदाराच्या वयाची खातरजमा न करता पैसे स्वीकारले. हे वाक्य पहिल्या अर्जापासून शेवटच्या अर्जापर्यंत बदलू देऊ नका.

तुम्ही पाठवलेला खातेउतारा मी ओळीओळीने पाहिला. त्यातील व्यवहार एकाच जातीचे नाहीत, म्हणून त्यांचे तीन गट करावे लागतील. ४४ व्यवहार, मिळून सुमारे ₹१,०२,०००, हे ॲप स्टोअरमार्फत झालेले आहेत. ८ व्यवहार, सुमारे ₹१४,५००, रिडीम कोडच्या, म्हणजे आधी पैसे भरून घेतलेल्या आणि नंतर गेममध्ये वापरायच्या कोडच्या, खरेदीचे आहेत. उरलेले ९ व्यवहार, सुमारे ₹२६,५००, कोणत्याही कंपनीला गेलेले नसून वेगवेगळ्या व्यक्तींच्या यूपीआय आयडीवर गेले आहेत. या शेवटच्या गटाविषयी मुलाला शांतपणे विचारा. ‘स्वस्तात डायमंड (गेममधील चलन) देतो’ असे सांगून इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर मुलांकडून पैसे घेणारे अनेक जण असतात. काही जण खरोखर टॉप-अप करून देतात, काही पैसे घेऊन गायब होतात, आणि काही मुलाच्या गेमच्या आयडीचा पासवर्डच मागून घेतात. पैसे घेऊन काहीच दिले नसेल, तर ती फसवणूक आहे, आणि तेवढ्याच व्यवहारांसाठी १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करणे योग्य आहे. ती आजच करा, कारण समोरच्या खात्यातील पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले गेले तरच ते हाती लागण्याची आशा असते. नातेवाइकांचा सल्ला ६१ व्यवहारांसाठी चुकीचा आणि या ९ व्यवहारांसाठी कदाचित बरोबर आहे.

ॲप स्टोअरच्या ४४ व्यवहारांकडे वळू. गुगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत थेट गुगलकडे परतावा मागता येतो. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावे लागते. ॲपलच्या फोनवर ही विनंती ॲपलच्याच ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ या पानावरून करावी लागते. तुमच्या बाबतीत ४८ तास उलटून गेले आहेत, तरी दोन्हीकडे अर्ज करा: स्टोअरकडे घरातील अज्ञान मुलाने विनापरवानगी केलेली खरेदी म्हणून, आणि गेम कंपनीकडे तिच्या मदत विभागातून लेखी. प्रत्येक खरेदीची पावती आजोबांच्या किंवा ज्याचे खाते फोनवर आहे त्याच्या ईमेलवर आलेली असते आणि गुगलच्या पावतीवर ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. हे सगळे क्रमांक एका तक्त्यात मांडा, समोर तारीख, रक्कम आणि खातेउताऱ्यातील संदर्भ क्रमांक लिहा. मुलाच्या वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला किंवा शाळेचे बोनाफाइड प्रमाणपत्र जोडा.

येथे बहुतेक पालकांकडून एक चूक होते, आणि ती समजण्यासारखी आहे. प्रकार उघडकीस आल्याच्या रात्रीच रागाच्या भरात गेम काढून टाकला जातो, खाते नष्ट केले जाते, कधी फोनही आपटला जातो. त्याबरोबर खेळाडू क्रमांक, खरेदीचा इतिहास आणि न वापरलेले डायमंड हा सगळा पुरावा जातो. तुम्ही गेम काढला नसेल तर काढू नका. फोन बाजूला ठेवा, पण आधी खेळाडू क्रमांक, शिल्लक डायमंड आणि घेतलेल्या वस्तूंची यादी यांची छायाचित्रे घ्या. शिल्लक डायमंडला हात लावलेला नाही आणि आम्ही ते परत करण्यास तयार आहोत, असे अर्जात स्पष्ट लिहा. मिळालेल्या वस्तू परत करण्याची तयारी दाखवणाऱ्या अर्जाला नकार देणे कंपनीला अवघड जाते, असे मी वारंवार पाहिले आहे. परतावा मिळाला तर घेतलेल्या वस्तू काढून घेतल्या जातील आणि कदाचित गेमचे खातेही बंद होईल. हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

रिडीम कोडबाबत आशा कमी ठेवावी. कोड वापरला गेला की विक्रेता हात वर करतो. वापरला गेला नसेल, तर तो तसाच जपून ठेवा आणि विक्रेत्याला लगेच लिहा.

बँकेने दिलेले उत्तर अर्धे बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाला काहीही सोसावे लागत नाही. परंतु ग्राहकाने स्वतः पिन दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचेच मानले जाते. आजोबांचा पिन नातवाला माहीत होता, म्हणून बँक याच तरतुदीवर बोट ठेवणार. त्याच परिपत्रकाचा दुसरा भाग मात्र तुमच्या उपयोगाचा आहे: कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणून तोंडी बोलण्यावर न थांबता लेखी तक्रार द्या, तिचा क्रमांक घ्या, आणि व्यवहारांचे लघुसंदेश आजोबांच्या फोनवर प्रत्यक्ष गेले होते का, याची नोंद मागा. संदेश गेलेच नसतील, तर बँकेची बाजू कमकुवत होते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

क्रेडिट कार्डावरून अशी खरेदी झालेल्या वाचकांसाठी एक सूचना करतो. कार्ड कंपनीकडे व्यवहाराला हरकत घेण्याचा मार्ग मोकळा असतो, पण स्टोअर आणि गेम कंपनीकडे लेखी मागणी करण्याआधी तो वापरू नका. हरकत घेतल्यावर गेमचे खाते गोठवले जाऊ शकते आणि परताव्याची बोलणी तिथेच थांबतात.

आता कायद्याचा पाया पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ११ नुसार करार करण्यासाठी व्यक्ती सज्ञान असावी लागते, आणि सज्ञानतेचे वय १८ आहे. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, मोहरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष या प्रकरणात अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने अस्तित्वातच नसलेला, असतो, असे ठरवले. कोलकात्यातील एका अज्ञान मुलाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवल्याचे ते प्रकरण होते, आणि सव्वाशे वर्षांनंतरही आपल्याकडील न्यायालये त्याच निर्णयावर उभी आहेत. त्याच कायद्याचे कलम ६८ अज्ञान व्यक्तीला पुरवलेल्या जीवनावश्यक वस्तूंची किंमत तिच्या मालमत्तेतून वसूल करू देते. गेममधील पोशाख आणि बंदुकीचे रंग त्यात बसवण्याचा प्रयत्न कोणी करेल असे वाटत नाही. कंपनीचा बचाव मात्र ठरलेला असतो: खाते सज्ञान माणसाचे आहे, पैसे सज्ञान माणसाच्या खात्यातून आले, आणि खात्यावर जे घडते त्याला खातेदार जबाबदार आहे हे अटींमध्ये लिहिले आहे. म्हणूनच खेळणारा मुलगाच होता हे सिद्ध करणारा पुरावा मी इतक्या आग्रहाने जमवायला सांगत आहे. शाळेच्या वेळा सोडून दुपारी आणि रात्री झालेले व्यवहार, मुलाच्या नावाचा खेळाडू, त्याच्याच वर्गमित्रांचा गट, या सगळ्यांतून चित्र स्पष्ट होते.

कंपनीने दाद दिली नाही, तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची आहे. १९१५ वर किंवा तिच्या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते आणि ती संबंधित कंपनीकडे पाठवली जाते. अनेक प्रकरणे तिथेच मिटतात. तरीही न जमल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पूर्ण ₹१,४३,००० परत येतील अशी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. अलीकडच्या आठवड्यांतील स्टोअरचे व्यवहार परत मिळण्याची शक्यता चांगली असते, जुने व्यवहार अवघड असतात. पण पूर्ण रक्कम मिळत नाही म्हणून अर्धीही न मागणे, हे मला पटत नाही.

अनेक पालक मला विचारतात की, सरकारने गेमवर बंदी आणली ना, मग हे चालू कसे? ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली आहे. तुमच्या मुलाने पैसे जिंकण्यासाठी लावलेले नाहीत, वस्तू विकत घेण्यासाठी दिले आहेत. त्यामुळे हा गेम त्या बंदीत येत नाही, आणि बंदी आहे म्हणून आता काळजी नाही, हा समज घातक आहे.

यात चूक तुमची समजायची का, या प्रश्नाचे उत्तर मी जरा थांबून देतो. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांपैकी फार थोड्या मुलांनी पिन चोरून पाहिला होता. बहुतेकांना तो घरच्यांनीच सांगितला होता. आजोबांना यूपीआय जमत नाही म्हणून नातवाला बोलवायचे, वीजबिल त्याच्याकडून भरून घ्यायचे, दूधवाल्याला पैसे त्यानेच पाठवायचे, बँकेचे संदेश वाचून दाखवायचे तेही त्यानेच. आपल्या घरांत १०-१२ वर्षांचे मूल हेच घराचे तंत्रज्ञ झालेले असते आणि त्याचे सर्वांना कौतुक असते. हे कौतुक खोटे नाही. पण ज्या मुलाला किराणा दुकानात पाठवताना आपण ५०० ची नोट मोजून देतो आणि परत आल्यावर सुट्टे पैसे मोजून घेतो, त्याच मुलाच्या हाती संपूर्ण निवृत्तिवेतनाची किल्ली आपण काहीही न सांगता दिलेली असते. या अर्थाने जबाबदारी घरातील मोठ्यांची आहे, आणि ती मान्य करायला मी तुम्हाला सांगेन. कायदाही तेच पाहतो: पिन कोणाच्या ताब्यात होता?

मात्र ही जबाबदारी मान्य केल्याने विक्रेत्याची जबाबदारी संपत नाही, आणि पालकांच्या मनातील हा गोंधळ दूर करणे मला फार महत्त्वाचे वाटते. आपली चूक आहे असे वाटल्यामुळे लाजेने गप्प बसणारी कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. तुमच्या मुलासमोर काय मांडले गेले होते, ते पाहा. गेममध्ये रुपये दिसत नाहीत, डायमंड दिसतात. डायमंडचे संच अशा आकड्यांचे असतात की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडे उरतात, आणि उरलेल्यांचे काही करायचे तर पुन्हा संच घ्यावा लागतो. वस्तूची किंमत कधी सरळ लिहिलेली असते, तर कधी ‘स्पिन’ फिरवून नशिबाने मिळेल अशी ठेवलेली असते. पहिला स्पिन स्वस्त आणि पुढचा प्रत्येक महाग. वर घड्याळ उलटे चालत असते: ऑफर संपायला इतके तास, इतकी मिनिटे. हंगामाचा पास घेतला की तो पूर्ण करण्यासाठी रोज खेळावे लागते, नाहीतर दिलेले पैसे वाया जातात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, वर्गातील चार मित्र त्याच गटात खेळत असतात आणि साध्या पोशाखातल्या खेळाडूला ‘नूब’ किंवा ‘बॉट’ म्हणून चिडवले जाते. पहिला व्यवहार ₹८० चा होता, हे तुमच्या खातेउताऱ्यात दिसते. ज्या दिवशी तो कोणाच्याही लक्षात आला नाही, त्याच दिवशी पुढच्या साठ व्यवहारांची वाट मोकळी झाली.

हे जगभर घडले आहे आणि जिथे नियामकांनी लक्ष घातले, तिथे कंपन्यांना पैसे परत करावे लागले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये मुलांच्या विनापरवानगी खरेदीवरून ॲपलला किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गुगलला किमान १.९ कोटी डॉलर पालकांना परत करायला लावले. त्या वेळी ॲपलबाबतचा आक्षेप असा होता की, पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटे मूल पुन्हा न विचारता कितीही खरेदी करू शकत होते आणि ही गोष्ट पालकांना सांगितली जात नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. एका बटणावर चुकूनही खरेदी होईल अशी रचना, आणि व्यवहाराला हरकत घेणाऱ्यांची खाती बंद करणे, असे आरोप त्यात होते. चीनने २०१९ मध्ये वयानुसार मर्यादाच घातली: ८ वर्षांखालील मुलांना खर्च करता येत नाही, ८ ते १६ वयोगटाला महिन्याला २०० युआन आणि १६ ते १८ वयोगटाला ४०० युआन. आपल्याकडे अशी रकमेची मर्यादा कायद्याने घातलेली नाही. मात्र केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या असून त्यांत अशा १३ रचनांची यादी आहे. खोटी घाई निर्माण करणे ही त्यांतलीच एक. उलट्या चालणाऱ्या घड्याळाचे आणि ‘आजच शेवटचा दिवस’ म्हणून पुन्हा पुन्हा आलेल्या ऑफरचे छायाचित्र तुमच्याकडे असेल, तर अर्जाला ते जरूर जोडा. माझे स्पष्ट मत असे आहे की, ‘तुम्ही १८ वर्षांचे आहात का’ या प्रश्नावर ‘होय’ दाबून घेणे ही वयाची पडताळणी नव्हे, आणि मुलांसाठीच सजवलेल्या दुकानाने गिऱ्हाईक मूल असेल हे माहीत नव्हते असे म्हणू नये.

घरात तातडीने करायच्या गोष्टींत केवळ पिन बदलणे पुरेसे नसते. यूपीआय पिन पुन्हा तयार करायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी एवढेच पुरते. म्हणून आजोबांचे कार्ड कपाटात कुलपात ठेवा. यूपीआय लाइट सुरू असेल तर बंद करा, कारण त्यातून ₹१,००० पर्यंतची रक्कम पिनशिवाय जाते. ऑटोपेच्या (ठरलेली रक्कम आपोआप कापली जाण्याच्या सोयीच्या) यादीत एखादी चालू परवानगी राहिली आहे का, ते पाहून रद्द करा. फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असेल तर काढा. स्टोअरची खरेदी ठशावर होते आणि आता काही यूपीआय ॲपमध्येही ठसा चालतो. गुगल प्लेमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागण्याची सोय सुरू करा. मुलासाठी स्वतंत्र फोन असेल, तर त्यावर मुलाचे खाते ‘फॅमिली लिंक’मधून तयार करा, म्हणजे प्रत्येक खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर मागितली जाते. ॲपलमध्ये ‘आस्क टू बाय’ तेच काम करते आणि ‘स्क्रीन टाइम’मधून गेममधील खरेदी पूर्ण बंदही करता येते. आणि निवृत्तिवेतनाचे खाते यूपीआयपासून कायमचे वेगळे काढा. आजोबांना लहानसहान खर्चासाठी दुसरे बचत खाते उघडून त्यात महिन्याला दोन-तीन हजार ठेवा आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. सगळ्या उपायांतला हा मला सर्वांत खात्रीचा वाटतो, कारण तो कोणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नाही.

आता मुलाविषयी. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईतील एका १६ वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून सुमारे दहा लाख रुपये मोबाइल गेमवर खर्च केले. आईवडील रागावल्यावर तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पोलिसांनी त्याला अंधेरीत शोधून काढून घरी आणले. इतर काही ठिकाणी अशा वेळी मुलांनी स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करून घेतले आहे. म्हणून माझे पालकांना हात जोडून सांगणे असते: पहिल्या आठवड्यात मुलाला मारू नका, नातेवाइकांसमोर उभे करू नका, ‘पोलिसांत देतो’ असे गमतीनेही म्हणू नका, आणि त्याला फार वेळ एकटे सोडू नका. तो जेवत-झोपत नसेल, अबोल झाला असेल किंवा मरणाची भाषा करीत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. रक्कम मोठी आहे म्हणून मुलाला गेमचे व्यसन आहे असा निष्कर्षही काढू नका. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार मान्य केला आहे, पण त्यात खर्चाचा आकडा हा निकष नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसूनही खेळणे न थांबणे, हे साधारणपणे वर्षभर चालू असेल तर त्या विकाराचा विचार करतात. तशी लक्षणे असतील तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच.

शिक्षेऐवजी मी एक काम सुचवतो, जे अनेक घरांनी करून पाहिले आहे. अर्जासाठी लागणारा ६१ ओळींचा तक्ता मुलाकडूनच तयार करून घ्या. तुम्ही शेजारी बसा. प्रत्येक ओळीसमोर त्याने तारीख, रुपये आणि त्यातून काय घेतले ते स्वतःच्या हाताने लिहावे. घाई करू नका, दोन-तीन संध्याकाळी जातील. डायमंडचे रुपये होताना त्याने पाहिलेले नसतात, ते इथे पहिल्यांदा दिसतात. एका वडिलांनी मला सांगितले होते की, चौदाव्या-पंधराव्या ओळीला त्यांचा मुलगा रडायला लागला आणि त्यानंतर स्वतःहून आणखी तीन व्यवहार त्याने दाखवले, जे घरच्यांना सापडलेच नव्हते. काही भरपाई त्याने करावी असे वाटत असेल, तर ती त्याच्या आवाक्यातली आणि मुदतीची ठरवा. दीड लाख फेडायला सांगणे म्हणजे त्याला कधीही न सुटणारे ओझे देणे आहे. पुढे सहा महिन्यांनी गेम खेळू द्यायचा का, हे तुम्ही ठरवा. दिलाच, तर खर्चाची रक्कम आधी ठरवून ती गिफ्ट कार्डाने द्या, म्हणजे ती संपली की संपली. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँका १० वर्षांवरील मुलांना स्वतः चालवता येईल असे बचत खाते देऊ शकतात. असे लहानसे खाते काढून त्याचे पासबुक दर महिन्याला त्याच्याबरोबर वाचणे मला उपयोगाचे वाटते.

शेवटचा मुद्दा तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीचा आहे. खाते आजोबांचे आहे, म्हणून बँकेचा अर्ज, हेल्पलाइनची तक्रार आणि वेळ आली तर आयोगापुढचे शपथपत्र, या सर्वांवर सही त्यांची लागणार. पालक म्हणून तुमचे नाव बरोबर असेल. त्या प्रत्येक कागदावर ₹१,४३,००० हा आकडा लिहिलेला असेल. तो त्यांनी कागदावर पहिल्यांदा वाचू नये. उद्या सकाळी चहाच्या वेळी तुम्ही स्वतः त्यांच्याजवळ बसून तो सांगा, आणि मुलाचा तक्ता पूर्ण झाला की तो त्यानेच आजोबांना वाचून दाखवावा. अर्जांचे मसुदे मी तयार करून देतो. तक्ता आणि छायाचित्रे हाती आली की दोन दिवसांत पाठवीन.